ट्राउटची मत्स्यपारध

ट्राउटची मत्स्यपारध : भूजलाच्या झऱ्यांवर पोसलेल्या थंड व नितळ प्रवाहांत कृत्रिम माशीच्या साहाय्याने ट्राउट मासा पकडण्याचा क्रीडाप्रकार. ‘फ्लाय फिशिंग’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. गांडूळ, कोळंबी किंवा कणीक यांसारखे खरे आमिष गळाला न लावता पिसे, लोकर, रेशीम व केस यांची गळावरच बांधलेली कीटकाची प्रतिकृती वापरणे, हे या प्रकाराचे मुख्य वैशिष्ट्य होय. डोंगरी नद्या, सरोवरे व कृत्रिम जलाशय यांतही ट्राउटची पारध करतात. तथापि या पारधीचे शास्त्र, तिचे वाङ्मय आणि तिची आचारसंहिता ही प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट, इचेन, केनेट, एव्हन यांसारख्या झऱ्यांच्या नद्यांकाठी घडली. या नद्यांचे पाणी वर्षभर नितळ व जवळजवळ एकाच तापमानाचे असते. त्यामुळे पाण्यात कीटक विपुल असतात, विपुलतेमुळे मासा चोखंदळ बनतो आणि माशाच्या चोखंदळपणामुळे पारध करणाऱ्यास बारकाईने निरीक्षण करावेच लागते. या पारधीचे तंत्र, तिचे नियम व तिचे भवितव्य ही तिन्ही अशा प्रकारे झऱ्याच्या पाण्याशी निगडित आहेत. [⟶ मत्स्यपारध].

प्रवाहांचे स्वरूप : दक्षिण व पूर्व इंग्लंडमध्ये क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धात साचलेला खडूचा (चॉकचा) जाड थर आहे. सूक्ष्म सागरी शैवलांच्या चुनामय कवचखंडांपासून बनलेला हा मऊ, पांढरा खडक सच्छिद्र व भेगाळ असतो. त्यावर पडणारे पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाण्याऐवजी मुख्यतः खाली मुरते, खडकात साठते आणि खोऱ्यांच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. अशा झऱ्यांवर वाहणाऱ्या नद्यांना चॉक प्रवाह म्हणतात. जगातील अशा प्रवाहांपैकी बहुतेक इंग्लंडमध्ये असून त्यांची संख्या तेथे दोनशेंहून अधिक भरते. काही प्रवाह उत्तर फ्रान्समध्ये आहेत.

भूमीतून बाहेर पडताना या पाण्याचे तापमान वर्षभर १०° ते ११° से. च्या आसपास असते. हिवाळ्यात ते हवेपेक्षा उबदार व उन्हाळ्यात हवेपेक्षा थंड असल्याने पाण्यातील जीवांची वाढ वर्षाच्या बहुतेक काळात चालू राहते. खडकातून गाळून आल्यामुळे पाणी स्वच्छ असते, तर त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटामुळे ते किंचित क्षारधर्मी असते. भूजलाचा साठा हिवाळी पावसाने भरतो. त्यामुळे प्रवाह हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात सर्वांत मोठा आणि शरदात सर्वांत क्षीण होतो. हा बदल संथपणे घडतो. एका दिवसाच्या जोरदार पावसाने डोंगरी नदीला पूर येतो व ती गढूळ होते. चॉक प्रवाहावर त्याचा परिणाम अत्यल्प असतो. प्रवाहाचा उगमाकडील काही भाग भूजलपातळी खाली गेल्यावर दरवर्षी कोरडा पडतो व हिवाळ्यात पुन्हा वाहू लागतो.

प्रवाहाचा तळ बारीक खडीचा असतो. रॅनन्क्युलस प्रजातीची पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती तीत मुळे रोवून लांब झुपक्यांनी वाढते. हे झुपके कीटकांना व कवचधारी प्राण्यांना आश्रय देतात, पाण्याची पातळी टिकवून धरतात आणि प्रवाहाला वेगवेगळ्या धारांत विभागतात. उन्हाळ्यात ते अतोनात वाढत असल्यामुळे नदीरक्षक ठरलेल्या मुदतीत त्यांची कापणी करतात.

झऱ्यांचे प्रवाह अन्य खडकांतही आढळतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइलजवळचा लेटॉर्ट हा प्रवाह चुनखडकातून, तर आयडाहो राज्यातील सिल्व्हर क्रीक हा झऱ्यांवरच पोसलेला आहे. काश्मीरच्या दक्षिण भागातील कोकरनाग, अचबल व वेरीनाग हे झरे चुनखडकाच्या डोंगरपायथ्याशी उगम पावतात. [⟶ झरा].

ट्राउट : यूरोपातील मूळचा तपकिरी ट्राउट (साल्मो ट्रुटा) हा साल्मन कुलातील मासा आहे. त्याच्या पाठीचा व कुशींचा रंग तपकिरी ते सोनेरी असून अंगावर काळे व लाल ठिपके असतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील इंद्रधनुषी ट्राउट (ऑन्कोऱ्हिंकस मायकिस) व पूर्व भागातील ब्रुक ट्राउट (साल्व्हेलिनस फाँटिनॅलिस) यांचीही पारध केली जाते. यांपैकी दुसऱ्याच्या जातिवाचक नावाचा अर्थच ‘झऱ्यातील’ असा आहे.

ट्राउटला थंड व भरपूर ऑक्सिजन असलेले पाणी लागते. तपकिरी ट्राउटची वाढ १३° से. च्या सुमारास सर्वोत्तम होते, १९° से. पुढे ती थांबते आणि पाणी २५° से. च्या आसपास राहिल्यास मासा दगावतो. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकातील ओढे पावसाळ्यात पुराचे व उन्हाळ्यात क्षीण आणि कोमट असतात. त्यांत हा मासा का टिकू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते. प्रजननाचा हंगाम शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत असतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते व ती पुन्हा खडीने झाकते. खडीच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले, तरच अंडी जगतात. फटी गाळाने बुजल्यास ती गुदमरतात.

प्रवाहातील ट्राउट सहसा एक जागा धरून, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून स्थिर राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो. पोहण्यात खर्च होणारी शक्ती व खाद्यातून मिळणारी शक्ती यांचा मेळ घालणारी जागा तो निवडतो. वनस्पतींच्या दोन झुपक्यांमधील मोकळी धार, पुलाच्या खांबामागील संथ पाणी किंवा काठावरील झाडाची सावली या अशा जागा होत. बलवान मासे सर्वांत सोयीच्या जागा बळकावतात. एकाच जातीचे कीटक मोठ्या संख्येने वाहत येऊ लागले, की ट्राउट इतर खाद्याकडे दुर्लक्ष करून तेवढेच टिपत राहतो. त्याचा हा निवडक आहार कृत्रिम माशीच्या सर्व शास्त्राचा पाया ठरला आहे.

दृष्टीचे भौतिक नियम या पारधीत महत्त्वाचे ठरतात. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालील माशाला बाहेरचे सर्व जग सु. ९७° कोनाच्या शंकूतून, म्हणजे डोक्यावरील एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते. त्या वर्तुळाबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो व त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक असतो. ०·५ मी. खोलीवरील माशाची खिडकी सु. १·१ मी. व्यासाची, तर १५ सेंमी. खोलीवरील माशाची अवघी ३४ सेंमी. व्यासाची असते. म्हणून पृष्ठभागालगत राहून कीटक टिपणाऱ्या ट्राउटच्या नेमक्या वाटेवरच माशी उतरवावी लागते. काठावरील वस्तू खिडकीच्या कडेला चपटी व अस्पष्ट दिसते. ती उंच असेल, तर ठळक होते. गुडघ्यांवर बसून किंवा वाकून, माशाच्या मागील बाजूने जवळ जाण्याची रीत यातूनच आली आहे.

खाद्यकीटक : ट्राउटच्या आहारात गॅमॅरस वंशाचे कवचधारी प्राणी, गोगलगायी, लहान मासे व अनेक प्रकारचे कीटक येतात, मात्र कृत्रिम माशीच्या दृष्टीने कीटकच महत्त्वाचे आहेत. कॅडिस माश्या, पाषाण माश्या व डासांसारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माश्या यांचे अनुकरण केले जाते. तथापि चॉक प्रवाहांत अग्रस्थान मे-माश्यांच्या गणास (इफेमेरॉप्टेरा) आहे. या कीटकांचे जीवन बहुतांशी पाण्याखाली अर्भकावस्थेत जाते. वाढ पूर्ण झालेले अर्भक पृष्ठभागाकडे येते, त्याची कात फाटते व धूसर पंखांची उपप्रौढ माशी बाहेर पडते. पंख सुकेपर्यंत ती काही क्षण पाण्यावर तरंगत राहते. नंतर उडून काठावरील झाडाझुडपांवर बसते, तेथे पुन्हा कात टाकते व स्वच्छ, चकाकत्या पंखांची प्रौढ माशी बनते. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा हा आजच्या कीटकांतील एकमेव गण आहे. प्रौढ माशी काहीही खात नाही. समागम व अंडी घालणे उरकल्यावर ती पंख पसरून पाण्यावर पडते व मरते.

यांपैकी प्रत्येक अवस्थेत ट्राउट तिला निरनिराळ्या रीतीने टिपतो. वर येणाऱ्या अर्भकामागे तो पाण्याखाली वळतो; उपप्रौढ माशी घेताना त्याचे तोंड पृष्ठभागावर येते व स्पष्ट वर्तुळ उमटते; निष्प्राण प्रौढ माशी तो सावकाश, जवळजवळ आवाज न करता घेतो. पाण्यावरील वर्तुळाच्या आकारावरून मासा कोणती अवस्था खात आहे, याचा अंदाज बांधता येतो. इफेमेरा डॅनिका ही सर्वांत मोठी मे-माशी मेच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत थव्यांनी बाहेर पडते. तिची अर्भके तळाच्या गाळात बिळे करून एक ते दोन वर्षे काढतात. या दोन-तीन आठवड्यांत एरवी खोल पाण्यात राहणारे मोठे ट्राउटही पृष्ठभागावर येतात. बेटिस वंशातील लहान ऑलिव्ह माश्या मात्र वर्षाच्या बऱ्याच मोठ्या काळात आढळत असल्याने पारधीच्या हंगामाचा खरा आधार त्याच होत.

साधने : इतर गळांत आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनाने दोर फेकला जातो. कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच; म्हणून येथे दोरच वजनदार केलेला असतो व काठीच्या लवचिकपणाने तो दोर फेकला जातो. माशी केवळ त्याच्या मागोमाग जाते. काठी, दोर व रीळ यांची घडण या तत्त्वावर झालेली आहे.

पूर्वी काठ्या अ‍ॅश, हेझल, ग्रीनहार्ट यांसारख्या लाकडांच्या, ४ ते ५ मी. लांबीच्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बांबूच्या त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली षट्‌कोनी काठी प्रचारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या व १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्यांनी तिची जागा घेतली. चॉक प्रवाहांवर साधारणपणे २·४ ते २·८ मी. लांबीची काठी पुरते. दोर आरंभी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत. पुढे जवसाच्या तेलाने मुरवलेल्या रेशमाचे आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लॅस्टिकचा लेप दिलेले दोर आले. दोरांना त्यांच्या पहिल्या ९·१४ मी. (३० फूट) लांबीच्या वजनावरून क्रमांक देतात व काठीवरही तिला साजेसा क्रमांक असतो. दोराच्या टोकाला २·७ ते ३·७ मी. लांबीचा निमुळता, पारदर्शक धागा जोडतात; त्याला लीडर म्हणतात. पूर्वी तो रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून काढलेल्या तंतूचा करीत, आता तो नायलॉनचा किंवा तत्सम कृत्रिम पदार्थाचा असतो. माशीजवळ त्याची जाडी ०·१५ मिमी. च्या आसपास असते.

कृत्रिम माशी : लहान गळ चिमट्यात धरून त्यावर रेशमी धाग्याने निरनिराळे पदार्थ बांधून माशी तयार करतात. शरीरासाठी लोकर, सशाचे केस किंवा पिसांचे तंतू, शेपटीसाठी दोन-तीन ताठ तंतू व पंखांसाठी पिसांचे तुकडे वापरतात. कोंबड्याच्या मानेचे पीस गळाभोवती गुंडाळले, की त्याचे ताठ तंतू किरणांसारखे पसरतात व माशीला पाण्यावर तोलून धरतात. चॉक प्रवाहांवरील बहुतेक माश्यांची लांबी १ सेंमी. हूनही कमी असते. तरंगती किंवा कोरडी माशी, बुडती किंवा ओली माशी व अर्भकाची प्रतिकृती असे तीन मुख्य प्रकार आहेत.

या कारागिरीचा भारताशी एक दुवा होता. दक्षिण भारतात व सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. साल्मन व ट्राउट यांच्या शोभिवंत माश्यांसाठी ती ब्रिटनमध्ये फार मोलाची मानली जात व त्यांपायी असंख्य पक्षी मारले गेले. ही निर्यात पुढे बंद झाली आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण या पक्ष्यास मिळाले.

तंत्र : पारध करणारा प्रथम पाण्याकडे पाहतो, दोर नंतर सोडतो. कोणते कीटक उडत आहेत, मासा कोठे उभा आहे, तो पृष्ठभागावर खातो की खाली, दोन वेळा तोंड वर काढण्यात किती अंतर जाते, हे तो आधी ठरवतो. नितळ पाण्यात मासा दिसतो, तसा माणूसही माशाला दिसतो. म्हणून तो प्रवाहाच्या खालच्या बाजूने, सावकाश व शक्यतो आडोशाने पुढे सरकतो. काठावरील जड पावलांची कंपनेही ट्राउटला जाणवतात.

दोर फेकताना काठी वेगाने मागे नेऊन थांबवतात; दोर मागे हवेत सरळ होईपर्यंत क्षणभर वाट पाहतात आणि मग काठी पुढे आणून पुन्हा थांबवतात. दोर उलगडत पुढे जातो व माशी अलगद पाण्यावर उतरते. नवशिक्याची चूक बहुधा मधल्या विरामात होते : दोर सरळ होण्यापूर्वीच काठी पुढे आणली, तर सर्व गती वाया जाते. माशी माशाच्या पुढे, सु. अर्धा ते एक मीटर वरच्या बाजूस उतरावी लागते.

त्यापुढील अडचण ‘ओढी’ची असते. दोर, लीडर व माशी वेगवेगळ्या वेगांच्या धारांवर पडतात. मधली वेगवान धार दोराला पुढे रेटते व माशी पाण्यावर ओरखडा काढीत ओढली जाते. खरा कीटक असा वाहत नाही. नितळ पाण्यातील ट्राउट ही विसंगती तत्काळ ओळखतो व खाणे थांबवतो. म्हणून लीडर थोडा सैल पडेल असा फेकतात किंवा पाण्यावर पडलेला दोर काठीने उचलून प्रवाहाच्या वर ठेवतात. माशीचा रंग किंचित चुकला, तरी मासा फसू शकतो. ओढ लागली, तर क्वचितच फसतो.

माशाने माशी तोंडात घेतली, की काठी किंचित उचलून गळ रुतवतात. धागा बारीक असल्याने मासा जोराने ओढता येत नाही. त्याला रिळावरून दोर देत व पुन्हा गुंडाळत थकवतात आणि जाळीत घेतात. मासा सोडून द्यावयाचा असल्यास हात ओले करून, त्याला शक्यतो पाण्यातच धरून गळ काढतात. कुसळ नसलेला गळ यासाठी सोयीचा असतो. पाणी फार तापलेले असताना थकलेला मासा सोडल्यावरही मरतो. त्यामुळे अशा दिवशी पारध थांबवणे इष्ट ठरते.

इतिहास : कृत्रिम माशीचा सुप्रसिद्ध प्राचीन उल्लेख इ. स. २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन याने केला आहे. मॅसिडोनियातील एका नदीवरील लोक गळाला लाल लोकर गुंडाळून व कोंबड्याची पिसे लावून मासे पकडतात, असे त्यात वर्णन आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड याने छापलेल्या, ज्यूलियाना बर्नर्झ हिच्या नावावर असलेल्या प्रबंधात बारा माश्या बांधण्याची कृती दिली आहे. आयझॅक वॉल्टन (१५९३–१६८३) याचा ‘द कंप्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटन याने नितळ पाण्यातील ट्राउटची पारध या विषयावर स्वतंत्र भाग जोडला. कॉटन चुनखडकातील डव्ह नदीवर मासे पकडीत असे. वॉल्टनची कबर इचेनकाठच्या विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये आहे.

टेस्ट नदीवरील स्टॉकब्रिज येथे १८२२ मध्ये हाऊटन क्लब स्थापन झाला. आल्फ्रेड रॉनल्ड्झ याने १८३६ मध्ये खाद्यकीटकांचे चित्रांसह वर्गीकरण प्रसिद्ध करून कृत्रिम माशीला कीटकशास्त्राचा आधार दिला. शतकाच्या उत्तरार्धात तरंगत्या माशीचे तंत्र पूर्णत्वास पोहोचले. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) याने जॉर्ज सेल्विन मॅरियट याच्या सहकार्याने केलेल्या निरीक्षणांवरून १८८६ व १८८९ मध्ये ग्रंथ लिहिले. पृष्ठभागावर खाणारा मासा आधी पाहावा, तो खात असलेल्या कीटकाची अचूक प्रतिकृती निवडावी व ती प्रवाहाच्या वरच्या दिशेने, तरंगती अशीच टाकावी, हा त्याचा सिद्धांत. त्याच्या अनुयायांनी या सिद्धांताला नियमाचे स्वरूप दिले आणि अनेक चॉक प्रवाहांवर बुडती माशी निषिद्ध ठरली.

व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूझ (१८५८–१९४९) याने इचेनवरील निरीक्षणांतून या नियमाला आव्हान दिले. पृष्ठभागावर खाताना दिसणारा ट्राउट पुष्कळदा प्रत्यक्षात पृष्ठभागाखालील अर्भकेच टिपत असतो. मग अर्भकाची प्रतिकृती वापरणे गैर का, असा त्याचा प्रश्न होता. १९१० मधील पहिल्या ग्रंथापासून १९३९ मधील अर्भकपारधीवरील ग्रंथापर्यंत त्याने हा विचार विकसित केला. लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये १९३८ साली या प्रश्नावर वादचर्चा झाली. वादाचा गाभा केवळ तांत्रिक नव्हता. मासा पकडणे सर्वांत सोपे व्हावे की पकडण्यास काही स्वेच्छेने पत्करलेली मर्यादा असावी, हा त्यामागील प्रश्न होता. आजही काही पट्ट्यांवर हंगामाच्या पूर्वार्धात केवळ तरंगती माशी चालते व अर्भकाची प्रतिकृती नंतरच वापरता येते. विल्टशरमधील एव्हनचा नदीरक्षक फ्रँक सॉयर (१९०६–८०) याने धाग्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू बांधून जलद बुडणारी अर्भकाची प्रतिकृती तयार केली. ती जगभर वापरली जाते.

अमेरिकेत थीओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) याने हॅलफर्डकडून १८९० मध्ये मिळालेल्या माश्यांच्या आधारे तेथील कीटकांना अनुरूप माश्या बांधल्या. लेटॉर्टवर व्हिन्सेंट मॅरिनारो याने पाण्यात पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे व तुडतुडे यांसारख्या भूचर कीटकांचे महत्त्व १९५० मधील ग्रंथात दाखवून दिले.

प्रसार : ब्रिटिशांनी ट्राउट आपल्या वसाहतींत नेला. इचेन आदी नद्यांतील फलित अंडी शेवाळात व बर्फात ठेवून १८६४ मध्ये टास्मानियाला पोहोचविण्यात आली. तेथून ट्राउट १८६७ मध्ये न्यूझीलंडला गेला. भारतात फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत केलेला प्रयत्न फसला. तेथे इंद्रधनुषी ट्राउट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुजला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठविलेली अंडी नष्ट झाली, परंतु पुढील वर्षीचा प्रयत्न यशस्वी होऊन एफ. जे. मिचेल यांच्या देखरेखीखाली श्रीनगरजवळ हारवान येथे तपकिरी ट्राउटची पैदास सुरू झाली. तेथून लिद्दर, सिंध, ब्रिंगी इ. नद्यांत मासे सोडण्यात आले. कुलू खोऱ्यात ट्राउट १९०९ च्या सुमारास आला. कोकरनाग येथे झऱ्याच्या पाण्यावर मोठे ट्राउट संवर्धन केंद्र चालते. १९८०–९० या दशकात यूरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने त्याचा विकास झाला. इंग्लंडमधील चॉक प्रवाहांवर पारधीचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकांकडे असल्याने ती महागडी व मोजक्यांपुरती राहिली. काश्मीरमध्ये नद्यांचे पट्टे पाडून शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग परवाने देतो.

या प्रसाराची दुसरी बाजू गंभीर आहे. न्यूझीलंडमध्ये गॅलॅक्सिड कुलातील लहान देशी मासे ट्राउटच्या भक्षणामुळे व स्पर्धेमुळे अनेक प्रवाहांतून हटले. तपकिरी व इंद्रधनुषी या दोन्ही ट्राउटांचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या सूचीत आहे. हिमालयातील प्रवाहांत शायझोथोरॅक्स वंशाचे देशी हिममत्स्य आहेत. नवीन प्रवाहात ट्राउट सोडण्यापूर्वी त्यांचा विचार अगत्याचा ठरतो.

संकट व संरक्षण : झऱ्याच्या प्रवाहाला मुख्य धोका त्याच्या स्थैर्याच्या मुळाशीच, म्हणजे भूजलात आहे. चॉकमधील पाणी शुद्ध व सहज मिळणारे असल्याने आग्नेय इंग्लंडमधील शहरांना त्याचा मोठ्या प्रमाणावर पुरवठा होतो. उपशामुळे भूजलपातळी खाली गेली, की प्रथम उगमाकडील भाग आटतो, नंतर उरलेल्या प्रवाहाचा वेग मंदावतो, गाळ खडीवर बसतो, रॅनन्क्युलसची जागा शैवल घेते, पाणी उन्हाळ्यात तापते व अखेर कीटक आणि ट्राउट नाहीसे होतात. केंटमधील डॅरंट नदी विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रीतीने काही भागांत कोरडी पडली होती. हर्टफर्डशरमधील व्हेर नदीच्या उगमाजवळील उपसा केंद्र १९९३ मध्ये बंद केल्यावर तेथील प्रवाह सुधारला; चेस नदीच्या उगमाजवळील उपसा २०२० मध्ये थांबविण्यात आला. टेस्ट व इचेन यांतून पाणी उचलण्याच्या परवान्यांवर २०१८ मध्ये सार्वजनिक चौकशी होऊन २०१९ मध्ये अटी कडक करण्यात आल्या. सांडपाणी व शेतीतून येणारे फॉस्फेट आणि नांगरलेल्या शेतांतून येणारी माती हे अन्य धोके होत.

पारधीची सोय म्हणून पिंजऱ्यात वाढविलेले मासे नदीत सोडण्याची प्रथा जुनी आहे. त्यांचा स्थानिक माशांशी संकर होऊन स्थानिक वाणाचे गुण लोपतात. यासाठी इंग्लंडमध्ये २०१५ पासून नदीत सोडावयाचा तपकिरी ट्राउट वंध्य किंवा स्थानिक वाणापासून वाढविलेला असावा, असे धोरण आहे.

काश्मीरमधील झऱ्यांची अवस्थाही हेच दाखवते. ब्रिंगी नदीचे काही पाणी चुनखडकाच्या भेगांतून मुरून अचबलच्या झऱ्यात उतरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नदीच्या पात्रात विवर पडून ब्रिंगीचे पाणी त्यात नाहीसे झाले व खालच्या भागातील ट्राउट मेले. कमी हिमवृष्टीच्या हिवाळ्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अचबलचा झरा आटला होता. ट्राउटची पैदास केंद्रात करता येते व नदीत मासे पुन्हा सोडता येतात. परंतु मे-माश्यांच्या पिढ्या, खडीचा स्वच्छ तळ आणि वर्षभर सारखे राहणारे पाणी यांची भरपाई बाहेरून करता येत नाही. त्यामुळे ट्राउटच्या पारधीचे संरक्षण म्हणजे, पर्यायाने, ज्या भूमीत पाणी मुरते त्या संपूर्ण क्षेत्राचे संरक्षण ठरते. [⟶ भूजल].